साडेबारातून दोन वजा

—तेरा? तेरास एक? आणि वर नायट्रसची बाटली, आणि टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल? अहो डॉक्टर, दात काढणं हा तुमचा धंदा, मला कशाला दात काढायला लावताय! नाही, हसत नाहीये मी. हसण्यासारखा दिवसच नाही आज. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मालकासारखाच आहे, भरवशाचा नाही — या जुन्या इंजिनावर बसा, पुठ्ठा घ्या खाली, बंद आहे, चावत नाही. आणि त्या खिळ्यावरच्या पॅकिंगला हात लावू नका. हो, तेच, हिरवा दोरा बांधलेलं. तांब्याचं आहे, काठाने बोट कापतं. कापलंच तर डॉक्टर हजर आहेत म्हणा, पण दातांचे — बोट दाखवून तुम्हालाच काही कळायचं नाही. ... फोन वाजला का आत्ता? माझा? नाही? मला वाटलं वाजला. सकाळपासून वाजतोच आहे तो माझ्या कानात. असू दे.

तर कॉम्प्रेशन. सोपं आहे. पिस्टन खाली गेला की वर जेवढी जागा असते, आणि पिस्टन वर आला की जेवढी उरते, त्याचा हा हिशेब. दहा भागांची हवा दाबून एका भागात बसवली तर दहा. तेरा भागांची बसवली तर तेरा. जेवढं जास्त दाबाल तेवढा दणका जास्त — इथवर तुमचं बरोबर आहे, इथवर सगळ्यांचंच बरोबर असतं. पुढे गंमत आहे. नायट्रस म्हणजे काय? लोकांना वाटतं बाटलीत राक्षस बसलाय. राक्षसबिक्षस काही नाही, तो वायू आत जाऊन पेट्रोलला जळायला जास्त वाव देतो, एवढंच. म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट होळी. आता बघा — बॅग ठासून भरलीय, घरचे सगळे तिच्यावर बसलेत, चेन कशीबशी लागलीय, आणि तुम्ही म्हणता, थांबा, अजून एक रजई राहिली! चेन तुटेल नाही तर काय होईल? म्हणून बाटली लावायची असेल तर बॅग आधी थोडी रिकामी ठेवायची. कॉम्प्रेशन उतरवायचं. नाहीतर ठिणगी पडायच्या आधीच आतलं मिश्रण आपलं आपण पेटतं, पिस्टन वर येत असतो आणि वरून त्याच्या डोक्यात घण बसतो — ठण् ठण् ठण् — पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. एक सेकंद ऐकलात तर पाय उचला. दोन सेकंद ऐकलात तर — तर नको ते. पाणी घ्या. मीच घेतो. 

किती वाजले? पावणेचार. ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, मीच ठेवलंय — गिऱ्हाईक बूड टेकून बसलं की त्याला उठायची घाई व्हावी म्हणून. तुम्हाला नाही हो म्हणत. म्हणजे खरे तीन पस्तीस झाले. चारला माझी पोरगी गाडी घेऊन धावणार आहे. हो, मुलगीच, एकुलती एक, सव्वीस वर्षांची. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी आहे ना, तिथे. सरळ रेघ, दिवा हिरवा झाला की निघायचं, दहा-अकरा सेकंदांत खेळ खलास — खेळ संपतो म्हणायचंय मला. खलास नको. स्पर्धा म्हणा, वेड म्हणा. गाडी तिची, इंजिन मी बांधलेलं, बाटली तिने स्वतः बसवलेली. तिला इंजिनातलं माझ्याइतकं कळतं. माझ्यापेक्षा जास्त, पण ते तिला सांगू नका.

मी का नाही गेलो? काम होतं. हे काय, तुम्ही आलातच की. ... बरं, काम नव्हतं. मदतनीसाचा एकच पास मिळतो, तो तिने आईला दिला. म्हणाली, बाबा, तुम्ही आलात की तुमचं तोंड बघून मला घाम फुटतो. आई बरी, आईला काही कळत नाही, ती नुसती पाण्याची बाटली घेऊन उभी राहते. खरंय तिचं. मला गाडी सुटताना बघवत नाही. पंचवीस वर्षं लोकांची इंजिनं बांधतोय आणि एकदाही धावपट्टीवर उभा राहिलेलो नाही. जो हलवाई स्वतःची मिठाई खात नाही त्याच्याकडून घेऊ नये म्हणतात — घेऊ नका, जा तुम्ही, दार उघडंच आहे. नाही, बसा. बसा हो. एकटा राहिलो तर मी त्या घड्याळाशी बोलत बसेन.

आणि त्यात तिचा हा मेसेज. पाऊण तास झाला येऊन. चष्मा कुठे — हा, डोक्यावरच आहे. ऐका. 'मोठी जेट लावली. काळजी करू नका. मी तुमचीच मुलगी आहे.' आता जेट म्हणजे काय, एवढासा पितळी तुकडा, मध्ये भोक. भोक जेवढं मोठं तेवढा नायट्रस जास्त आत जाणार. मी तिला तीन जेट दिल्या होत्या — छोटी, मधली, मोठी — आणि बजावून सांगितलं होतं, छोटीच लाव. आता ती 'मोठी' म्हणते ती कुठली मोठी? छोटीपेक्षा मोठी म्हणजे मधलीही झाली, नाही का? मधली चालेल. कशीबशी चालेल. मधलीच असेल. शेवटचं वाक्य मात्र गोड लिहिलंय. तुमचीच मुलगी आहे. वाचून बरं वाटलं हो, नाही म्हणत नाही, पण मोठ्या जेटचा आणि माझी मुलगी असण्याचा काय संबंध ते काही — फोन उचलत नाहीये. दोघीही उचलत नाहीत. तिथे आवाजच इतका असतो, कानाशी नगारा वाजवला तरी कळायचं नाही.

घाबरतो मी, खरंच घाबरतो. लांब्यामुळे. लांब्या म्हणजे माझा भागीदार होता, सव्वासहा फूट, बल्ब बदलायला आम्हाला शिडी लागत नसे. एकदा असाच तुमच्यासारखा एक हौशी आला, बाटलीवाला, आणि इथे याच दारात गाडी सुरू करून चाचणी घेत होता. तर काय झालं — पिस्टन जो उडाला, बॉनेट फोडून, पत्रा फोडून, थेट पलीकडच्या लॉन्ड्रीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीत! आणि इतका तापलेला, इतका तापलेला, की टाकी खदाखदा उकळली. लॉन्ड्रीवाल्याने तीन दिवस फुकटात गरम पाण्याने कपडे धुतले, आणि चौथ्या दिवशी मला विचारायला आला, पुढचा पिस्टन कधी सोडताय? — हसलात. सगळे हसतात. चारशे वेळा तरी सांगितली असेल ही गोष्ट. पहिल्यांदा सांगितली तेव्हा टाकी नव्हती, नुसती बादली होती. गोष्टीलाही कॉम्प्रेशन वाढवून मिळतं माझ्याकडे.

पिस्टन कुठे गेला नाही, डॉक्टर. जागच्या जागी वितळला, मेणबत्तीसारखा. त्याचा दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तेल तापलेल्या नळ्यांवर सांडलं, भडकलं, आणि लांब्या त्या वेळी वाकून कान लावून उभा होता. कारण त्याने तो आवाज ऐकला होता, डब्यातल्या खड्यांचा, माझ्याआधी ऐकला होता, आणि कुठल्या सिलिंडरमधून येतोय ते बघायला वाकला होता. डावा कान गेला. गालाची कातडी — तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला काय सांगायचं. आता धाकट्या भावाच्या दुकानात बसतो, खेळणी विकतो. मी गेलो की उजवीकडे बसवतो मला. कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि चूक कुणाची होती माहितीये? त्या हौशी माणसाची नव्हे. माझी. मी काय केलं होतं? खरं सांगितलं होतं! इंजिन साडेदहाचं बांधलं आणि साडेदहाच सांगितलं. तो म्हणाला, एवढंच? मग तर भरपूर जागा आहे की अजून. आणि माझ्यामागे जाऊन लावली मोठी जेट, साध्या पेट्रोलवर. माणसाला थोडी जागा शिल्लक आहे असं कळलं ना, की तो ती भरल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मी ठरवलं. या तोंडातून खरा आकडा पुन्हा जाणार नाही.

आता हे बाहेर बोलू नका हां. नाही, बोलू नका म्हणजे खरंच नका बोलू, माझा धंदा बसेल. मी तेव्हापासून दोन वाढवून सांगतो. साडेदहाचं बांधायचं आणि पट्टीवर साडेबारा ठोकायचं. ती पत्र्याची पट्टी बघितलीत का इंजिनावर, आकडा कोरलेली? लोक तिच्यावर बोट फिरवतात, फोटो काढतात, मित्रांना दाखवतात — साडेबारा! आणि साडेबारा म्हटल्यावर मनात भीती बसते, मग जेट आपोआप छोटी लावतात. माणूसही खूश, पिस्टनही खूश. वीस वर्षांत एक इंजिन फुटलेलं नाही. एकही नाही! आणि करायचं काय त्यात? इंजिनाच्या डोक्याखालच्या पातळ पॅकिंगच्या जागी जाड तांब्याचं घालायचं. वरचं डोकं तेवढं उचललं जातं, आतली जागा वाढते, दाब उतरतो. बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. कुणी शहाणा म्हणाला, गेज लावून दाब मोजून बघू, तर बघ बाबा! तो बघा तिथे टांगलाय, घड्याळासारखा. त्याचा काटा काढून दोन घरं पुढे बसवलेला होता मी. तोही माझीच री ओढायचा. हे दुकानच तसं आहे, डॉक्टर, इथलं घड्याळसुद्धा शपथेवर साक्ष देऊ शकत नाही. तुमचंही सांगून टाकतो आता — नऊचं बांधणार होतो आणि अकरा ठोकणार होतो. तेरासाठी तुम्ही रडला असतात, मग मी मोठ्या मनाने अकराला कबूल झालो असतो. आता काय, तुमची मजा गेली. रागावलात? रागावू नका. तुमची दोन्ही कानांनी ऐकायची सोय करत होतो मी.

घरी कुणाला माहीत नव्हतं. हिला तर नाहीच. पोरीने मात्र पकडलं. एकविशीत होती. एक जुनं इंजिन दुरुस्तीला परत आलेलं, मी जेवायला गेलो होतो, तिने डोकं उतरवलं, वर काचेचं झाकण ठेवून आतली जागा मोजायला नळीने रंगीत पाणी भरलं, थेंब थेंब मोजत. मी येतो तर कागद घेऊन उभी. बाबा, हे दहा आहे, पट्टीवर बारा आहे. मी म्हटलं, पाणी सांडलं असेल. ती म्हणाली, तीनदा मोजलंय. मग काय सांगणार, बसवलं समोर, गेजचा काटाही दाखवला आणि लांब्याची गोष्ट सांगितली. टाकी न घालता. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही बोलाल त्यातून दोन वजा करायचे. म्हटलं, फक्त तू करायचे, बाकी कुणी नाही. इतका अभिमान वाटला होता मला, काय सांगू. अख्ख्या जगात एक माणूस, ज्याला माझं खोटं नीट वाचता येतं.

आणि मग तिची स्वतःची गाडी आली. म्हणाली, बाबा, एकदा, फक्त एकदा मला खरं इंजिन बांधून द्या. स्पर्धेचं महागडं, दाबाने आपलं आपण न पेटणारं पेट्रोल घालणार आहे मी, साडेबारा सहज झेपेल, नायट्रस वर नुसता चिमूटभर. आणि हिशेब बरोबर होता तिचा. एका बाजूला दाब जास्त आणि बाटली कमी, नाहीतर दाब कमी आणि बाटली जास्त — दोन्ही रस्ते बरोबर आहेत, दोन्हीकडून एकदम गेलं की मरण. मी म्हटलं, बरं. मी नेहमीच बरं म्हणतो. आणि सवयीने जाड पॅकिंग मागवून ठेवलं. ती आली, तिने ते टेबलावर बघितलं. तिच्या सगळ्या सामानाला ती हिरवा दोरा बांधते, दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून — त्यालाही बांधला, नुसती हसली आणि गेली. ते हसू बघून कसंतरीच झालं मला. रविवारी सकाळी एकटा आलो. इंजिनाचं डोकं बसवून ते बंद करायचं होतं. जाड पॅकिंग हातात घेतलं, आणि — नाही घातलं. खिळ्याला टांगलं, ते तिथे. पातळ घातलं. वीस वर्षांत पहिल्यांदा खरं साडेबारा बांधलं आणि पट्टीवर खरं साडेबारा ठोकलं. एवढंच नाही, गेजचा काटासुद्धा काढून पुन्हा जागेवर बसवला, म्हटलं तपासून बघितलं तर तिला खरंच दिसावं. तिला बोललो नाही. म्हटलं, धावून आली की सांगेन, तोंड बघण्यासारखं होईल तिचं. आणि सांगायचं काय त्यात? आकडा लिहिलाच होता की खरा!

तुम्हाला वाटेल, याच्या शब्दाला काय किंमत. पण मला सांगा, तुमच्याकडे काय होतं? पेशंट खुर्चीत बसतो, तुम्ही विचारता, दिवसातून किती वेळा दात घासता? दोनदा, डॉक्टर! तुम्ही काय धरता? एकदा. गोड किती खाता? कधीतरीच हो. तुम्ही धरता रोज. हो ना? मान डोलावताय. खोटं पकडता असं नाही, तुम्हाला तोंड वाचायची सवय असते, तुम्ही आपले मनातल्या मनात वजा करून घेता, आणि कुणी बिचारा खरंच दोनदा घासत असला तरी त्याचाही एकदाच — त्याचंही तुम्ही वजा —

थांबा.

थांबा हां जरा. बोलू नका काही.

तिने पट्टीवर साडेबारा वाचलं. कुणी ठोकलं? मी. मग ती काय धरणार? अहो, ती काय धरणार? तिने गेज लावला असेल, लावलाच असेल, ती तपासल्याशिवाय राहत नाही — काटा दाखवणार साडेबाराच्या हिशेबाचा दाब, आणि ती म्हणणार, हा बाबांचा काटा, दोन घरं पुढे. आणि जाड पॅकिंग तिने डोळ्यांनी बघितलंय टेबलावर. दोरा बांधलाय. त्यावरून हसली ती. बाबांनी बरं म्हटलं आणि नेहमीचंच केलं, असं समजून हसली. म्हणजे तिच्या डोक्यात ते साडेदहा आहे. साडेदहाला, चांगल्या पेट्रोलवर, मोठी जेट चालते. मीच शिकवलंय तिला, चालते म्हणून. काळजी करू नका, मी तुमचीच मुलगी आहे — अरे देवा. ते लाडाने नाही लिहिलेलं. वजा केलेत, म्हणतेय ती. मोठी म्हणजे मोठीच. साडेबारावर मोठी जेट. माझ्या पोरीच्या पायाशी — इंजिन तिच्या गुडघ्यांपासून हातभर लांब असतं, डॉक्टर, एवढं, एवढंच लांब, मध्ये एक पत्रा —

किती वाजले? चार. चार वाजले! नाही, दहा मिनिटं पुढे आहे, तीन पन्नास, तीन पन्नास. गाडी काढून उपयोग नाही, चाळीस मिनिटांचा रस्ता. फोन. हा काय, हातातच आहे. वाजतोय. वाजतोय. उचल. पोरी, उचल. नाही उचलत, हेल्मेट घातलं असेल. आईचा — हिचा लावतो. ही तर फोन पर्समध्ये ठेवते आणि पर्स गाडीत विसरते. वाजतोय. तुम्ही देव मानता का? मी मानत नाही, म्हणजे मानतो म्हणून सांगतो लोकांना —

हॅलो! अगं, हॅलो! कुठे आहेस? ... हो, ऐकू येतंय, ओरडू नकोस. ती निघाली का? ... रांगेत आहे? कितवी? ... तिसरी. अगं मग पळ, तिच्या खिडकीशी जा, तिला फोन दे. ... नाही, भीती घालायला नाही. ... हो, माहितीये तिने सांगितलंय देऊ नकोस म्हणून. ... तोंड बघत नाहीये ना ती माझं, नुसता आवाज ऐकेल! दे ग. पाया पडतो तुझ्या. ... चेष्टा नाही. अगं, चेष्टा नाही ही.

हॅलो, बाळा? बाळा, ऐक. जेट काढ. मोठी काढ, बाटली बंदच कर, तशीच धाव. ... कारण ते साडेबारा आहे. ... नाही, पट्टीवरचं साडेबारा नाही, खरं साडेबारा! पट्टीवर खरं लिहिलंय. ... हसू नकोस. बाळा, हसू नकोस ग. मी पातळ पॅकिंग घातलंय. ... टेबलावर बघितलंस, हो, पण घातलं नाही ते. ... गेज बरोबर होता. काटा नीट केला मी रविवारी. ... तुझ्यासाठी! तू म्हणालीस ना, एकदा खरं बांधा — ... तुझी शपथ. ... हो, त्या निळ्या गाडीच्या वेळीही घेतली होती. ... आईची शपथ. ... ती हसतेय? हसू दे तिला, ती — बाळा, लांब्याकाकाची शपथ. ... हो. गेल्या वर्षी त्या दुसऱ्या गाडीला तुला छोटी जेट लावायला लावली तेव्हाही हेच म्हणालो होतो, आणि ते खोटं होतं, आणि तुला कळलं होतं. पण हे — ... पुढची गाडी गेली? किती राहिल्या? ... एक. ठेवू नकोस. ठेवू नकोस फोन! माझ्याजवळ एक माणूस आहे. गिऱ्हाईक आहे, तू ओळखत नाहीस. त्यांच्याशी बोल. ... पढवलेलं नाही. दातांचे डॉक्टर आहेत, ते — अगं नाही, एक मिनिट, अर्धं मिनिट, एक वाक्य!

डॉक्टर. घ्या. घ्या ना फोन, असे काय बघताय माझ्याकडे? तुम्हालाही वाटतंय का, की हा — आता मघाशी टाकी सांगितली तसं — नाही. नाही, राहू द्या. मी काही सांगत नाही. साडेबारा म्हणू नका, खरं म्हणू नका, माझ्या बाजूने एक अक्षर बोलू नका. मी जे बोलेन त्यातून ती दोन वजा करणार, माझ्या तोंडून तुमचं नाव आलं तरी वजा करणार. तुम्ही फक्त मागे वळा. तो खिळा. त्यावर काय टांगलंय, कशाचं आहे, केवढं जाड आहे, त्याला कुठल्या रंगाचा दोरा आहे — तुम्हाला दिसतंय तेवढं तिला सांगा.

मी गप्प बसतो. हे बघा, तोंडावर हात ठेवला.

बोला.